गाडीचा हिशेब आणि आमची बदगुमानी



रमजानच्या थोडे आधी आमच्या घरचा पेट्रोलचा खर्च वाढला. संध्याकाळी गाडी मुलाकडे असते, म्हणून आमचा संशय थेट त्याच्यावर गेला. "मित्रांना घेऊन फिरतोस ना?" आम्ही विचारले. "अब्बा, मी क्लासला जातो आणि घरी येतो," तो म्हणाला. आम्ही मानले नाही. दोन दिवस घरात अबोला.

शेवटी त्याच्या अम्मीने किराण्याची वही पुढे केली. "भांडू नका, हिशेब लिहा."

हिशेब सोपा आहे. टाकी फुल करायची. पंपाचे नोझल आपोआप बंद झाले की थांबायचे. मीटरचा आकडा लिहायचा. पुढच्या वेळी पुन्हा तशीच फुल करायची. मधल्या किलोमीटरला या वेळी भरलेल्या लिटरने भागले की ॲव्हरेज मिळते. नुसते रुपये लिहून उपयोग नाही, भाव बदलत असतो. आणि एकाच टाकीवर निकाल देऊ नये, तीन-चार वेळा पाहावे.

आमच्या वहीत दर वेळी सारखेच दिसले. एकदा ३६४ किलोमीटरला २८ लिटर, म्हणजे लिटरला १३. हीच गाडी पूर्वी १६ द्यायची. किलोमीटर तर क्लास, बाजार आणि नातेवाइकांकडे जाणे-येणे एवढेच भरत होते. मुलगा फिरत नव्हता. गाडीच जास्त पीत होती.

मिस्त्रीने पाहिले तर मागच्या एका चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नव्हता, चाक गरम लागत होते. चारही टायरांत हवा कमी. हवा किती हवी हे बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असते. ती टायर थंड असताना तपासावी. दुरुस्तीनंतर ॲव्हरेज पुन्हा १६ वर आले.

बाकीचे आपल्या हातात आहे. एकदम वेग घेऊन करकचून ब्रेक मारू नये. कुणाची वाट पाहताना इंजिन बंद करावे. टपावरचे रिकामे कॅरिअर उतरवून ठेवावे.

वुजूच्या पाण्यातही इसराफ नको, असे आपण मुलांना शिकवतो. पेट्रोलचेही तेच. पण पेट्रोलपेक्षा आमची बदगुमानी महाग पडली होती. आम्ही मुलाची माफी मागितली. आता वही तोच लिहितो.