लॉगबुकावरची सही

ऑगस्टमधली गोष्ट. रात्री अडीचला फोन वाजला. पलीकडे माझा जुना विद्यार्थी होता, बंधपत्राच्या सेवेत जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर नुकताच रुजू झालेला. "सर, बाई जमिनीवर झोपली होती. दंशाची खूण सापडत नाही, पण पापण्या उघडत नाहीत. मण्यारच असणार." निदान अचूक होते. प्रतिसर्पविषाच्या दहा कुप्या सलाइनमधून सुरूही केल्या होत्या. मग आवाज बदलला. "सर, श्वास कमी होतोय. अंबू बॅग आहे, पण खऱ्या पेशंटवर मी ती कधी वापरलेली नाही."

मण्यारच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. तोंडावर मास्क घट्ट धरून हाताने ती पिशवी दाबत राहिले तर माणूस तगतो. मास्कच्या कडेने हवा निसटत राहिली, तर औषध सुरू असूनही जातो. त्या रात्री केंद्रातल्या सिस्टरनी त्याची बोटे धरून जबडा कसा उचलायचा ते दाखवले. 108 च्या गाडीत दोघांनी आळीपाळीने पिशवी दाबत बाईला यवतमाळला आणले. ती वाचली.

मला मात्र उरलेली रात्र झोप लागली नाही. या मुलाची इंटर्नशिप मी पूर्वी ज्या सरकारी रुग्णालयात होतो तिथे झाली होती. त्याच्या लॉगबुकात अपघात विभागाच्या पोस्टिंगखाली सही माझी होती. त्या दिवसांत तो नीट-पीजीच्या अभ्यासाला लायब्ररीत बसायचा, हे मला माहीत होते.

एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास झाली की मुलगा डॉक्टर झाला, असे घरचे समजतात. पेढेही वाटले जातात. कायद्याने तो अजून पूर्ण डॉक्टर नसतो. महाराष्ट्र वैद्यक परिषद त्याला तात्पुरती नोंदणी देते आणि त्या नोंदणीवर त्याला बारा महिने इंटर्न म्हणून काम करता येते, तेही वरिष्ठांच्या देखरेखीखाली. शिकाऊ लायसन्ससारखेच म्हणा. मृत्यूचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, पोलीस केसचे कागद यांवर त्याने स्वतःच्या सहीने काही द्यायचे नसते. वॉर्डात नातेवाईक त्यालाच गाठतात, "सायेब, रजेसाठी एक सर्टिफिकेट लिहून द्या ना." तो नाही म्हणाला तर रागावू नका, बरोबर वागतो आहे. वर्ष पुरे झाल्यावरच कायम नोंदणी मिळते आणि मग तो एकटा दवाखाना चालवायला मोकळा.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021 च्या नियमांत या वर्षाची आठवड्यांनुसार वाटणी आहे. सामुदायिक वैद्यकशास्त्राला 12 आठवडे, प्रसूती व स्त्रीरोगाला 7, मेडिसिन आणि सर्जरीला 6-6. भूल व अतिदक्षतेला 2, अपघात विभागाला 2. अंबू बॅग हातात बसायची ती याच चार आठवड्यांत. ते लायब्ररीत गेले तर पुढे शिकवायला रात्रीची सिस्टरच उरते, आणि ती प्रत्येक केंद्रावर तितकी अनुभवी असेलच असे नाही.

आपल्या जिल्ह्यात हे नुसते कागदावरचे नाही. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात आले, वीसहून अधिक दगावले. अशा रुग्णाला अ‍ॅट्रोपिन किती द्यायचे हे पुस्तकात दोन ओळींत आहे. प्रत्यक्षात दर काही मिनिटांनी छातीला स्टेथोस्कोप लावून, घरघर थांबली का ते ऐकत खाटेजवळ उभे राहावे लागते. चार पर्यायांतून एक निवडून ते येत नाही.

मग आम्ही सह्या का करतो? नीट-पीजीसाठी इंटर्नशिप अमुक तारखेपर्यंत पूर्ण हवी असते. गैरहजेरीबद्दल दोन आठवडे वाढवले आणि ती तारीख हुकली, तर मुलाचे अख्खे वर्ष जाऊ शकते. मुलगा समोर उभा असतो, त्याच्या बापाने शेत विकून शिकवलेले असते. दया येते आणि पेन चालते. त्या दयेचा हिशेब पुढे कुणाच्या अंगावर येणार, ते माणूस समोर नसते.

दोष मुलांच्या एकट्या माथी मारणेही बरोबर नाही. कित्येक वॉर्डांत इंटर्न म्हणजे रक्ताच्या नळ्या लॅबमध्ये पोहोचवणारा आणि स्ट्रेचर ढकलणारा हक्काचा माणूस. विद्यावेतन 2024 मध्ये अकरा हजारांवरून अठरा हजार झाले. नोव्हेंबर 2021 मध्ये यवतमाळच्याच वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात एका एमबीबीएस विद्यार्थ्याचा खून झाला होता, तेव्हा रात्रीच्या ड्यूटीला निघताना भीती वाटते म्हणणाऱ्या मुलीला मी काय उत्तर देणार? ज्या वर्षात शिकवायचे, त्यात आपण हमाली करून घेतो आणि वर लायब्ररीत पळतात म्हणून ओरडतो.

2019 च्या कायद्यात 'नेक्स्ट' परीक्षा आहे. तिचा दुसरा टप्पा इंटर्नशिपनंतर प्रत्यक्ष कौशल्य तपासणारा ठरला होता. जुलै 2023 मध्ये ती पुढे ढकलली. दिल्लीची वाट बघत बसण्याची मला गरज वाटत नाही. जिल्ह्याला लागणाऱ्या पाच गोष्टी प्रत्येक महाविद्यालय स्वतः तपासू शकते: अंबू बॅग, प्रतिसर्पविष, अ‍ॅट्रोपिन, साधी प्रसूती आणि न रडलेले नवजात बाळ. नमुने पोहोचवायला शिपाई नेमा आणि तेवढे तास इंटर्नला खाटेजवळ उभे करा. पीजीची परीक्षाही इंटर्नशिप संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी घेतली, तर निम्मी पळापळ थांबेल.

त्या फोननंतर मी एक केले. पुतळ्यावर आणि मग भूलतज्ज्ञांच्या समोर रुग्णावर मास्क धरून दाखवल्याशिवाय सही करत नाही. परवा एका मुलीची सही अडवली. तिचे वडील भेटायला आले, हात जोडले, मलाच कसेतरी झाले. सही केली नाही. ती आठवडाभर रोज सकाळी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभी राहिली. शनिवारी तिने दाखवले, मी सही केली.