दहावीचे वर्ष नेमके कोणाचे?

एप्रिल महिन्यात सत्तरी, पेडणे वा काणकोणच्या कोणत्याही गावात सकाळी पाऊल ठेवले, तर काजूच्या बागायतींतून बोंडूंचा वास येत असतो. नववीची परीक्षा आटोपली की मुलांनी घरच्यांबरोबर काजू वेचायला जावे, काही दिवस आजोळी काढावेत, चैत्रातल्या उत्सवांत रात्र जागून नाटक पाहावे, आणि मग पहिल्या पावसाबरोबर नव्या वह्यांसह दहावीच्या वर्गात शिरावे, असा आपल्याकडचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. २०२५ साली हा क्रम मोडला. सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले. त्याच सुमारास आधीच्या तुकडीचा दहावीचा निकालही लागला. एक तुकडी शाळेतून बाहेर पडत असतानाच दुसरी त्याच बाकांवर येऊन बसली होती.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अध्यापनाचे अधिक तास हवेत, ही सरकारची भूमिका होती. पालकांनी उन्हाचा, पिण्याच्या पाण्याचा आणि सुटीचा प्रश्न उपस्थित केला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. तरीही वर्ग सुरू झाले. या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. मात्र जे अधिकचे आठवडे हाती आले, त्यांचे करायचे काय, विशेषतः शाळेच्या अखेरच्या वर्षात, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही.

गोव्यात या वर्षाला वेगळे वजन आहे आणि त्यामागे इतिहास आहे. पोर्तुगीज राजवटीत पणजीच्या लिसेवचे शिक्षण पोर्तुगीजमधून होते. ज्यांना मराठी वा इंग्रजीच्या वाटेने पुढे जायचे होते, त्यांतील अनेकांना बेळगाव, मुंबई, पुणे गाठावे लागे. १९६१ च्या मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी प्राथमिक शाळा नेल्या आणि त्यापाठोपाठ ठिकठिकाणच्या शिक्षणप्रेमींनी माध्यमिक विद्यालये उभी केली. १९७५ च्या कायद्याने गोव्याचे स्वतःचे शालान्त मंडळ स्थापन होईपर्यंत आपली मुले महाराष्ट्राच्या मंडळाची परीक्षा देत. त्या काळात घरातला पहिला मॅट्रिक ही साऱ्या वाड्याची मिळकत असे. ज्या कुळाला आपल्या नावावर जमीन नव्हती, त्याच्या मुलाच्या हाती नावानिशी आलेला तो पहिला कागद असे. म्हणूनच परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर आजही दही-साखर पडते, प्रवेशपत्र आधी देवापुढे ठेवले जाते आणि परीक्षेला जाण्यापूर्वी ग्रामदैवताला नारळ जातो. या चालींमागे भीती कमी आणि उंबरठा ओलांडत असल्याची जाणीव अधिक होती.

शाळेनेही या वर्षाला स्वतःचे विधी दिले. ५ सप्टेंबरला दहावीचीच मुले शिक्षक होऊन खालच्या वर्गांवर जातात. कालपर्यंत गोंगाट करणाऱ्याला त्या एका तासात गोंगाट शांत करणे किती अवघड असते ते कळते. सरस्वतीपूजनाची मखर सजवणे, फुगड्या बसवणे, प्रसादाची व्यवस्था पाहणे ही कामे परंपरेने थोरल्या वर्गाची. स्नेहसंमेलनात पडद्यामागे धावपळ त्यांचीच. आणि शेवटी निरोप समारंभ: नववीने मांडलेला, आईच्या साड्या नेसून आलेल्या मुलींचा, बोलता बोलता कंठ दाटणाऱ्या शिक्षकांचा. वरवर पाहता हे सोहळे वाटतात. प्रत्यक्षात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला शाळा येथे प्रथमच सांगते की, आता तू धाकटा नाहीस. काहीतरी तुझ्यावर सोपवले आहे.

आज अनेक विद्यालयांत नेमके हेच सोपवणे थांबले आहे. दहावीच्या मुलांना ‘त्रास नको’ म्हणून मखर आठवी-नववीकडे गेली. स्नेहसंमेलनात दहावी केवळ प्रेक्षक उरली. सकाळी शिकवणी, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवणी, अशा दिवसात नाटकाच्या तालमीला जागा कोठून असणार? अभ्यासक्रम लवकर संपवायचा आणि उरलेले महिने सराव प्रश्नपत्रिकांना द्यायचे, हीच उत्तम शाळेची व्याख्या होऊन बसली आहे. एप्रिलमध्ये मिळालेले आठवडे याच गिरणीत ओतले गेले, तर पालकांनी सोसलेल्या उन्हाच्या बदल्यात मुलांच्या पदरी आणखी चार सराव परीक्षा पडतील, एवढेच.

याला पालकांचा हट्ट म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. २०२५ मध्ये दहावीला ९५ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी उत्तीर्ण झाले. जेथे जवळजवळ सगळेच उत्तीर्ण होतात, तेथे उत्तीर्ण होण्याला किंमत उरत नाही आणि सारी चढाओढ टक्क्यांवर येते. नामांकित उच्च माध्यमिक विद्यालयात विज्ञान शाखा मिळेल की नाही, हे त्या टक्क्यांवर ठरते, आणि पुढे ‘नीट’सारखी परीक्षा उभी असतेच. ज्या घरात दुसरा आधार नाही, त्या घराला गुणांची काळजी वाटणारच. परंतु याच मंडळाने मैदानावरील कामगिरीला गुण देण्याची पद्धत पूर्वीपासून स्वीकारली आहे. पुस्तकाबाहेरही शिक्षण असते, हे तत्त्व आपल्या व्यवस्थेला ठाऊक आहे. मैदानाला जे मान्य केले, ते मखर सजवणाऱ्या, वर्ग शिकवणाऱ्या, हस्तलिखित काढणाऱ्या हातांना का नाकारावे?

मराठी वाचकांसाठी या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. गोव्यातील असंख्य मुले चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. त्यानंतर मराठीशी त्यांचे नाते एका विषयापुरते उरते आणि त्यांच्यापैकी कित्येकांसाठी दहावीचे मराठीचे पुस्तक हे आयुष्यातील शेवटचे मराठी पाठ्यपुस्तक असते. त्या पुस्तकाची इतिश्री ‘अपेक्षित प्रश्नां’त व्हावी की एखाद्या नाट्यप्रवेशात, एखाद्या हस्तलिखितात, हे ठरवणे म्हणजे पुढची पिढी मराठी वाचणार की नाही, हे ठरवणे होय. भाषेच्या सभांतून आपण जे मागतो, त्याची बीजे या एका वर्षात पेरली जातात किंवा जळून जातात.

यावर उपाय अवघड नाही आणि त्यासाठी नव्या परिपत्रकाची वाट पाहण्याचीही गरज नाही. दहावीचे एप्रिलमधील दिवस धड्यांना न देता विद्यार्थ्यांना द्यावेत, असे पालक-शिक्षक संघाने आणि मुख्याध्यापकांनी मिळून ठरवावे. त्या दिवसांत मुलांनी गावच्या काजू बागायतदाराशी, पंचायतीच्या सचिवाशी, आरोग्य केंद्रातील परिचारिकेशी बोलावे आणि ते लिहून काढावे. शाळेचे माजी विद्यार्थी बोलवावेत, त्यांत केवळ डॉक्टर-अभियंते नकोत, उत्तम सुतार आणि शेतकरीही हवेत. पुढची शाखा निवडायला याहून चांगला आधार कोणता? सरस्वतीपूजनाची आणि शिक्षकदिनाची जबाबदारी पुन्हा दहावीकडे यावी. या कामात गेलेल्या दहा-पंधरा दिवसांनी कोणाचे टक्के बुडत नाहीत.

निरोप घेताना मुलापाशी काहीतरी असावे लागते, ज्याचा निरोप घ्यावा. वर्षभर केवळ प्रश्नपत्रिका सोडवून बाहेर पडणाऱ्या मुलाला आपण फेब्रुवारीत फुले देतो, छायाचित्र काढतो आणि त्याच्या डोळ्यांत पाणी का नाही, याचे आश्चर्य करतो. पाणी येण्यासाठी आधी शाळा त्याची व्हावी लागते. दहावीचे वर्ष मंडळाचे आहे, शिकवणीवाल्यांचे आहे, पालकांच्या काळजीचेही आहे. त्यातला थोडा भाग तरी ज्याचे ते वर्ष आहे, त्याच्या वाट्याला यायला हवा.