बर्फाची टेकडी नेमकी कुणाची?

२०२४च्या नाताळच्या सुट्टीत अमेरिकेतल्या पार्क सिटी या बड्या स्की रिसॉर्टवर गर्दी तुफान होती, पण डोंगराचा बराच भाग बंद होता. उतारांची सुरक्षा सांभाळणारे जवळपास २०० स्की पेट्रोलर संपावर गेले होते. मुख्य मागणी काय, तर सुरुवातीचा तासाचा पगार २१वरून २३ डॉलर करा. रिसॉर्ट ज्या वेल रिसॉर्ट्स कंपनीचं आहे, तिच्या काही डोंगरांवर ऐन सीझनमध्ये एका दिवसाचं तिकीटच ३०० डॉलरच्या वर जातं!

एवढं महाग तिकीट घेतं कोण? तर तुम्ही ते घेऊच नये, अशीच त्यामागची आयडिया. २००८मध्ये वेलने एपिक पास आणला. पास एक, डोंगर अनेक. तो घ्यायचा बर्फ पडायच्या आधी, म्हणजे पुढे बर्फ पडो न पडो, कंपनीचे पैसे खिशात. २०१८मध्ये दुसऱ्या कंपनीचा आयकॉन पास आला. एकाच टेकडीवर पोट असलेल्यांनी या खेळात टिकायचं कसं? वीज, विमा, कमी होत चाललेली थंडी हे खर्च आणि कटकटी आहेतच. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ७००हून जास्त स्की एरिया होते, आज ५००सुद्धा नाहीत.

तरी काही टेकड्या तग धरून आहेत. व्हरमाँट राज्यातल्या रिचमंडमध्ये कॉक्रन कुटुंबाने १९६१मध्ये घरामागच्या उतारावर रोप टो बसवला. रोप टो म्हणजे फिरता दोर. तो हाताने घट्ट धरायचा, तो तुम्हाला वर ओढत नेतो. त्या अंगणातली बार्बरा अ‍ॅन १९७२च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेऊन आली आणि २०२२मध्ये तिच्या मुलाने रौप्य जिंकलं. आज ही टेकडी ना नफा तत्त्वावर चालते. ईस्ट कॉरिंथ गावातली नॉर्थईस्ट स्लोप्स तर १९३६पासूनची, आणि तीही स्वयंसेवकांच्या जिवावर.

अशा ठिकाणांबद्दल बोलताना सगळे ‘कम्युनिटी’, ‘घरच्यासारखं वातावरण’ वगैरे म्हणतात. पण माणसं छोट्या गावात आपोआप प्रेमळ होत नाहीत हो! दोर अडकला की तो सोडवायला तुम्हालाच जावं लागतं, कँटीनमध्ये बर्गर भाजणारी बाई तुमच्या मित्राची आई असते आणि लिफ्ट एकच असल्याने दिवसभरात दहा वेळा तीच तोंडं भेटतात. आपलेपणा येतो तो या कामातून. पास घेऊन आलेला माणूस गिऱ्हाईक असतो, त्याने वैतागून रिफंड मागितला तर त्याचं काय चुकलं?

मॅड रिव्हर ग्लेन हे याचं पुढचं टोक. १९९५मध्ये मालकीणबाईंनी हा डोंगर स्कीअर्सच्याच सहकारी संस्थेला विकला. सहकार म्हटलं की आपल्याला साखर कारखाना आठवतो, इथे शेअर घेतलेले सभासद बर्फाचा डोंगर चालवतात. तिथली १९४८ची लिफ्ट एका खुर्चीवर एकच माणूस नेते. २००७मध्ये ती नव्यासारखी केली, पण खुर्ची एकाचीच ठेवली. जास्त माणसं वर गेली तर उतारावर गर्दी होते, हे तिथल्या लोकांचं गणित.

मात्र याच डोंगरावर स्नोबोर्डला आजही बंदी आहे. ‘आपली माणसं’ म्हटलं की कुणीतरी बाहेर राहतंच, आणि इथे बाहेर राहिलेल्यांत तुमच्या वयाचे बरेच जण असणार.

खरी गोची पुढे आहे. हा डोंगर बहुतेक करून आभाळातून पडणाऱ्या बर्फावरच चालतो आणि हिवाळे ऊबदार होत चाललेत. कृत्रिम बर्फाची यंत्रणा वाढवायची तर पैसा लागतो. तो तिकिटातून काढायचा म्हटलं, की शाळा सुटल्यावर थेट टेकडीवर येणारी पोरं आधी गळतात.