आधी तपासा, मग औषध लिहा

‘कुत्र्याला दोन उलट्या झाल्या, एवढ्यासाठी दवाखान्यात कशाला आणायचं? फोनवर गोळी सांगा ना.’ नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही पशुवैद्यकाला हे बोलणे नवे नाही. तपासल्याशिवाय औषध देणार नाही, असे म्हणणारा डॉक्टर मग आडमुठा ठरतो, फीसाठी अडवणारा ठरतो. हा आरोप अन्यायाचा आहे. तो ज्या युक्तिवादांवर उभा आहे, ते एकेक करून तपासू.

पहिला युक्तिवाद अनुभवाचा: मागच्या वेळी याच गोळीने बरे वाटले होते. वाटले असेल, पण तो आजार वेगळा असू शकतो. उलटी हे नुसते लक्षण आहे. पिल्लाला ती पार्व्हो विषाणूमुळे होते, म्हाताऱ्या कुत्र्याला मूत्रपिंडे थकल्यामुळे, कुणाला आतड्यात हाड अडकल्यामुळे, तर नसबंदी न झालेल्या मादीला गर्भाशयात पू साठल्यामुळे. एकाला सलाईन लागते, दुसऱ्याला शस्त्रक्रिया. गोळीने उलटी थांबते आणि आजार आत वाढत राहतो.

दुसरा युक्तिवाद: माणसांचे डॉक्टर फोनवर औषध सांगतात, मग जनावरांचे का नाही? माणूस कुठे दुखते, कधीपासून दुखते, हे स्वतः सांगतो. शिवाय माणसाचे औषध जनावराला चालेलच असे नाही. घरोघरी असलेले पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात. एक गोळीही जीव घेऊ शकते.

तिसरा युक्तिवाद व्हिडिओचा. व्यालेली संकरित गाय बसली आहे, उठत नाही, एवढे व्हिडिओत दिसते. पण कॅल्शियम कमी झाले, कासेचा आजार अंगात भिनला की विताना पायाची नस दुखावली, हे कसे दिसणार? कान गार लागतात का, थर्मामीटर काय सांगतो, कास कडक आहे का, हे जनावराजवळ गेल्यावरच कळते. कॅल्शियमची बाटली शिरेतून भरभर सोडली तर हृदय बंद पडते. म्हणून जाणता डॉक्टर ती हळूहळू सोडतो आणि स्टेथोस्कोपने ठोके ऐकत राहतो. हे काम फोनवर होत नाही.

चौथा युक्तिवाद अंतराचा आणि पैशाचा. तो मात्र खरा आहे. किनवट-माहूरच्या तांड्यावरून आजारी जनावर दवाखान्यात आणणे सोपे नाही. पण त्यावरचा उपाय तपासणी जनावरापर्यंत नेणे हा आहे, ती टाळणे हा नव्हे. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येते. ते वेळेवर यावे, दवाखान्यातली पदे भरलेली असावीत, हा आग्रह आपण धरायला हवा. डॉक्टर येईपर्यंत प्रथमोपचार फोनवर जरूर विचारावा. आधी तपासलेल्या जनावराची पुढची विचारपूसही फोनवर करावी. पण न पाहिलेल्या जनावराला औषध लिहून घेऊ नये.

तपासणी म्हणजे नुसती औपचारिकता नव्हे. वजन घेतल्याशिवाय मात्रा ठरत नाही. हिरडी दाबून सोडली की रंग परत यायला किती वेळ लागतो, यावरून रक्ताभिसरण कळते. पोट चाचपले की गाठ, दुखरी जागा, गाभणपण हाती लागते. जनावर गाभण असेल तर कितीतरी औषधे बाद होतात.

चुकीच्या औषधाची झळ त्या एका जनावरापुरती राहत नाही. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या गुराढोरांचे मांस खाऊन गिधाडे मेली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. प्रतिजैविक टोचलेल्या गाईचे दूध ठरलेले दिवस न थांबता विकले, तर ते औषध लेकरांच्या पोटात जाते.

देवणी आणि लाल कंधारी या जाती याच मुलखाने जोपासल्या. उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, माळेगावच्या यात्रेत आजही जनावर पारखून घेतले जाते. विकत घेताना दात मोजणाऱ्या, खूर उचलून पाहणाऱ्या माणसांनी आजारात मात्र न पाहता औषध का मागावे? ‘आधी जनावर दाखवा’ असे म्हणणारा डॉक्टर आपली अडवणूक करत नाही, तो आपले काम करतो. तपासायला वेळ मागणाऱ्या अशा डॉक्टरच्या पाठीशी पशुपालकांनी उभे राहावे. आणि कितीही गळ घातली तरी डॉक्टरांनी हा नियम मोडू नये.