मुका मार

आपल्या मराठीत ‘मुका मार’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. रक्त नाही, जखम नाही, हाड वर आलेले नाही, मग काय? मुका मार! एवढे म्हटले की आंबेहळद उगाळायची, लेप द्यायचा आणि मोकळे व्हायचे. दिवाळी अंकातल्या या पानावर काही हसतेखेळते लिहावे असा शिरस्ता आहे खरा. पण यंदा मला या शब्दाचा हिशेब द्यावयाचा आहे, कारण तो माझ्याच तोंडून निघाला होता.

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. फलटणला बहिणीकडून ओवाळून घेऊन आम्ही तिघे रात्री पुण्यास परत निघालो होतो. पुतण्या गाडी चालवीत होता, त्याच्या शेजारी वहिनी, आणि मागे अनारशांचा डबा मांडीवर घेऊन मी पेंगत होतो. उसाचा हंगाम नुकताच सुरू झालेला. तरडगाव मागे पडले, आणि उसाने भरलेली एक ट्रॉली रस्त्याच्या कडेला, म्हणजे निम्म्या रस्त्यावर, उभी असलेली एकदम समोर आली. मागे दिवा नाही की तांबडी पट्टी नाही. ब्रेक लागला, गाडी बरीच आटोक्यात आली, तरी आदळायची ती आदळलीच.

पट्टे बांधलेले होते म्हणून डोकी आणि छात्या वाचल्या. पण पट्टा हातांना बांधता येत नाही. समोरून काही अंगावर येताना दिसले की माणूस हात पुढे करतो. वहिनींनी दोन्ही तळवे समोरच्या डॅशबोर्डवर टेकले. पुतण्याने स्टिअरिंग गच्च धरून ठेवले. सगळ्या गाडीचा धक्का त्या दोघांच्या मनगटांनी घेतला.

वहिनींचे उजवे मनगट डोळ्यांदेखत वाकडे झाले, पालथ्या ठेवलेल्या काट्याच्या चमच्यासारखे. त्यांनी असा टाहो फोडला की आम्हाला दुसरे काही सुचेना. दवाखान्यात गेल्याबरोबर नर्सबाईंनी पहिली गोष्ट केली ती दागिने उतरवण्याची. सूज चढत जाते, अंगठी मात्र तेवढीच राहते आणि बोटाचे रक्त अडते. साबण लावूनही अंगठी निघेना तेव्हा ती कापली, आणि हिरव्या बांगड्या वाढवाव्या लागल्या. सणाच्या दिवशी बांगड्या वाढवल्या याचेच वहिनींना मोडलेल्या हाडापेक्षा अधिक वाईट वाटले! मग डॉक्टरांनी अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येतात का, असे दोनदोनदा विचारले. त्या बोटांची नस मनगटातल्या एका अरुंद वाटेने जाते. तिथे सुजेने वा हाडाने तिच्यावर जोराचा दाब पडला, तर सकाळची वाट पाहून चालत नाही. सुदैवाने तसे काही नव्हते.

हे मोडणे फार जुन्या ओळखीचे. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस नावाच्या शस्त्रवैद्याने 1814 साली त्याचे वर्णन लिहून ठेवले, तेही नुसते हाताने चाचपून; कारण राँटजेनसाहेबांचे क्ष-किरण निघाले ते 1895 साली. वहिनींचे हाड जाग्यावर बसवले, प्लास्टर घातले, आणि सहा आठवड्यांनी ते निघालेदेखील. ज्याचा गाजावाजा झाला ते असे बिनबोभाट पार पडले.

पुतण्या मात्र त्या रात्री हसत होता. ‘‘काका, अंगठ्याच्या बुडाशी जरा ठणकतंय,’’ एवढेच म्हणाला. मी त्याचा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हटले, ‘‘अरे, मुका मार आहे. दोन दिवसांत जाईल.’’

डॉक्टर माझ्यापेक्षा शहाणे निघाले. अंगठा ताणून वर उचला म्हणजे त्याच्या बुडाशी, मनगटाजवळ, एक खळगी पडते. पूर्वी तपकीर ओढणारी मंडळी चिमूट तिथे ठेवून नाकाला लावीत. म्हणून पाश्चात्यांच्या शरीरशास्त्रात त्या खळगीला ‘तपकिरीची डबी’ असेच नाव पडले आहे. डॉक्टरांनी त्या खळगीत बोट दाबले, आणि आमचा हसरा पुतण्या कळवळला. फोटो काढला. फोटोत काही दिसेना. तरीही त्यांनी अर्धे प्लास्टर बांधले आणि कागदावर लिहिले : दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोटो.

पंजात आणि मनगटात मिळून 27 हाडे असतात. त्यांतली मनगटाची 8. त्या आठांतले एक या खळगीच्या तळाशी आहे. साधारण काजूच्या गराएवढे, आकारही थोडाफार तसाच. डॉक्टर त्याला स्कॅफॉइड म्हणतात. ते तडकले तर पहिल्या दिवशीच्या फोटोत पुष्कळदा दिसतच नाही; दहा-पंधरा दिवसांनी चीर उघडी पडते. आणि त्याचा खरा दगा निराळाच. या हाडाला बहुतेक रक्त मिळते ते बोटांकडच्या टोकातून, आणि तिथून ते उलटे कोपराकडच्या टोकापर्यंत जाते. नीरेच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे समजावायला नको : मधेच कालवा फुटला की शेपटाकडच्या शेताचे काय होते!

तर हे सगळे मला आज ठाऊक आहे. त्या वेळी झाले ते असे. आठवड्यात दुखणे कमी झाले, कारखान्याची सुटी संपली. पुतण्या फिटर, नोकरी नवी, अजून कायम झालेली नव्हती. एका हाताने पाना कसा फिरवणार? प्लास्टर त्याने घरीच सोडले. पुन्हा फोटोला जावे का, असे मला विचारले, तेव्हा मी म्हणालो, ‘‘डॉक्टर लोक लिहितातच तसं.’’ शिवाय कुणीतरी सांगितले म्हणून तेल लावून दोनदा चोळूनही घेतले.

मोटारीचे आणि मनगटाचे वैर तसे जुनेच. सुरुवातीच्या मोटारी पुढे हँडल मारून सुरू करीत. इंजिनाने उलट झटका दिला की ते हँडल मनगटावर बसे, आणि अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडे. त्या मोडण्याला इंग्रजीत ‘शोफरचे मोडणे’ असेच नाव पडले. 1912 साली कॅडिलॅक गाडीत बटनाने सुरू होणारी युक्ती आली, हँडले हळूहळू गेली, नाव राहिले. आता नव्या गाड्यांतली फुगणारी उशी जीव वाचवते. पण ती स्टिअरिंगच्या मधोमध, हॉर्नच्या खालीच, दडलेली असते. त्यावर सदासर्वकाळ तळवा ठेवून चालणाऱ्या आपल्या लोकांनी याचा जरूर विचार करावा.

मार्चमध्ये पुतण्याला जमिनीला तळवा टेकून उठता येईना. पाना आवळताना हात निसटू लागला. सीटी स्कॅन झाला. हाडाचे दोन तुकडे तसेच वेगळे राहिले होते. शस्त्रक्रिया ठरली. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मधे भरायचा आणि आरपार एक बारीक स्क्रू घालायचा. शस्त्रवैद्यांनी वहिनींच्या देखत विचारले, ‘‘सिगारेट ओढता?’’ पुतण्या छताकडे पाहू लागला. ‘‘ओढत असाल तर हाड जुळणं अवघड. आजपासून बंद.’’ वहिनींना हे नवीनच होते. त्या दिवशी घरी काय झाले ते या पानावर लिहीत नाही.

हाड जुळले आहे, असे गेल्या महिन्याच्या स्कॅनवरून सांगितले. मनगट मागे पूर्वीइतके वळत नाही, पकड अजून भरलेली नाही. कारखान्याने ठेवून घेतले, पण यंत्रावर नाही, स्टोअरमध्ये, वहीवर. तो याबद्दल मला एका शब्दानेही बोललेला नाही.

परवा चकल्या चालल्या होत्या. पुतण्या आईच्या मदतीला बसला. सोऱ्याची मूठ त्याने दोनदा फिरवली, तिसऱ्यांदा थांबला आणि हात झटकला.

‘‘आण इकडे,’’ वहिनी म्हणाल्या, आणि आपल्या मोडलेल्या हाताने त्यांनी सोऱ्या त्याच्याकडून काढून घेतला.