डिझेलची गळती आणि घरची दुरुस्ती

ऐन हंगामांत पिंपळगांवास वा लासलगांवास माल पोंचवावयाचा असतां घरची डिझेल गाडी सकाळीं सुरू होऊं नये, आणि वांकून पाहावें तों जमिनीवर तेलाचा डाग असावा, हा अनुभव आमच्या पुष्कळ सभासदांस आलेला असेल. अशा वेळीं कांहीं जण गाडी ओढून नाशकास नेतात. कांहीं पाना घेऊन लागलीच खालीं शिरतात. आमच्या मतें दोघांचेंही थोडें चुकतें.

गळती लहान म्हणून सोडूं नये. सेकंदास एक थेंब गळाला, व वीस थेंबांचा एक मिलीलिटर धरला, तरी दिवसरात्रीस चार लिटरांहून अधिक तेल मातींत जातें. तें तापलेल्या धुराच्या नळीवर पडलें तर पेट घेण्याचें भय. कसारा घाटांत रस्त्यावर सांडलें तर मागून येणारा दुचाकीस्वार घसरतो, आणि त्याचा विचार तर कोणीच करीत नाहीं! तेल ओढणाऱ्या बाजूस भेग पडली असल्यास बाहेर थेंबही न दिसतां हवा आंत शिरते व इंजिन सुरू होत नाहीं.

टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या रबरी नळ्या, इंजेक्टरांकडून उरलेलें तेल परत नेणाऱ्या बारीक नळ्या, त्यांच्या क्लिपा व तांब्याचे वॉशर, इतकें काम इंजिन बंद करून व निवूं देऊन घरीं खुशाल करावें. मात्र भेगेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळूं नये. साधें रबर डिझेलनें फुगून मऊ पडतें. डिझेलसाठींच केलेली नळी घालावी. आम्हांस स्वतःस एकदां परतीच्या नळीच्या भेगेपायीं सबंध पंप उतरविण्याचा सल्ला मिळाला होता. हातभर नळी बदलतांच गळती थांबली.

परंतु खरी चिंता दुसरीच आहे. किर्लोस्करांची ऑइल इंजिनांची कंपनी १९४६ सालीं निघाली. अशा इंजिनांनीं विहिरीवरील शेतकऱ्यास यंत्राची हवा काढावयास शिकविलें. इंजेक्टरच्या नळीचा नट ढिला करावयाचा, हँडल फिरवावयाचें, व तेल फसफसून येईतों पाहावयाचें. हीच संवय कॉमन रेल पद्धतीच्या गाडीवर नेणें घातक होय. तेथें तेलाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असतो. डोळ्यांस न दिसणारी धार कातडी भेदून आंत जाते. जखम सुई टोंचल्याएवढी, दुखतही नाहीं, आणि कांहीं तासांत हात सुजून बोट गमावण्याची पाळी येते. असें झाल्यास उद्यांची वाट न पाहतां शस्त्रवैद्याकडे जावें व दाबाचें डिझेल आंत गेलें आहे असें स्पष्ट सांगावें. गळती बोटानें चांचपूं नये. दुरून पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. पोलादी नळ्यांस घरीं हात लावूंच नये.

नाशकांत महिंद्रांच्या डिझेल गाड्या बनतात, सातपुरास बॉशच्या कारखान्यांत इंजेक्टर बनतात. जाणत्या कारागिरांची येथें वाण नाहीं. त्यांपैकीं एखाद्यास बोलावून संघानें प्रत्येक तालुक्यांत एक दिवसाचा वर्ग भरवावा, आणि आपल्या दुकानांत खतांच्या पोत्यांशेजारीं डिझेलची नळी, क्लिपा व वॉशरही ठेवावे. कार्यकारी मंडळाच्या पुढील बैठकींत हा विषय आम्ही मांडणार आहों.