गाड्या हलवा, सभापती महोदय

मा. सभापती, शिक्षण समिती, यांस,

‘प्रामाणिकपणा सप्ताहा’ची पुस्तिका मिळाली. कागद गुळगुळीत, पहिल्याच पानावर आपला हसरा फोटो. आभार. मैदानाबद्दल दिलेल्या अर्जांची मात्र साधी पोचही नाही, म्हणून आता हे सगळ्यांच्या देखत.

पुस्तिकेत पहिलीच्या मुलांना विचारले आहे : ‘मी कधीच खोटे बोलत नाही. हो / नाही.’ अख्ख्या वर्गाने ‘हो’वर खूण केली. करणारच, ‘नाही’ म्हणणाऱ्याला चांदणी मिळत नाही. सहा वर्षांच्या पोरांकडून पहिले लेखी खोटे आपण वदवून घेतलेत, तेही पालिकेच्या खर्चाने.

हीच पोरे लंगडीला उतरवून बघा. पाय टेकला की नाही, हे कित्येकदा ज्याचे त्यालाच ठाऊक असते. कबूल केले तर डाव जातो, नाकबूल केले तर उद्या कोणी भिडू घेत नाही. धाकट्या भावाला काखेत घेऊन आलेली मुलगी त्याला लिंबूटिंबू करून खेळवते; तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही आणि कोणाची तक्रारही नसते. हा न्याय तिला कुठल्या परिपत्रकाने शिकवला? जाँ पियाजे यांनी स्वित्झर्लंडमधल्या मुलांना गोट्यांचे नियम विचारून विचारून १९३२ मध्ये मुलांच्या नीतिविचारावर पुस्तक लिहिले. आपल्या पुस्तिकेत एक गोटी नाही. (बाईंना लक्ष ठेवावे लागतेच, नाहीतर दांडगी पोरे बारक्यांवर कायम राज्य देतात. पण त्यासाठी आधी खेळ तर हवा.)

आता मैदान. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. अनुसूचीत मैदान आहे, प्रत्येक वर्गाला खेळसाहित्य आहे. जुन्या शाळांना पूर्ततेसाठी ३ वर्षे होती. ती ३१ मार्च २०१३ ला संपली. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस, ८०० तास. खो-खोला २७ बाय १६, म्हणजे ४३२ चौरस मीटर लागतात. आमची जागा त्याहून मोठी आहे आणि तिच्यावर आपल्याच पालिकेच्या कचरागाड्या उभ्या आहेत. उरलेल्या पट्ट्यात मंडपवाल्याचे बांबू. त्या ८०० तासांतले मैदानावर किती? शून्य. तरीही तपासणीच्या तक्त्यात ‘मैदान : आहे’ यापुढे बरोबरची खूण, खाली आपल्या विभागाची सही. आमची पोरे याला रडीचा डाव म्हणतात, आणि तो खेळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घेत नाहीत. आपल्याला मात्र दर वर्षी बक्षीस समारंभाला बोलवावे लागते.

गाड्या डेपोत न्या. बांबू उचलायला सांगा. चुन्याची फक्की, लगोरीच्या सात चिपा आणि रबरी चेंडू आम्ही वर्गणी काढून आणू, त्याचा बोजा पालिकेवर नको. आणि पुस्तिकांची दुसरी खेप पाठवू नका. पहिलीच कपाटात मावत नाही.

आपली,
पालिका शाळेतली एक शिक्षिका